दुसरी फेरी

प्रस्तावना

कोल्हापूर जिल्ह्याला कुणी दुर्गम म्हटले, की कोल्हापूरकराला ते रुचत नाही. साखर कारखाने, गावोगावच्या दूध संस्था, इचलकरंजीचे यंत्रमाग, हुपरीची चांदी, मधून जाणारा पुणे-बेंगळुरू महामार्ग, एवढे सगळे असताना दुर्गम कशाला म्हणायचे? पण हे वर्णन जिल्ह्याच्या पूर्व अंगाचे आहे. बारा तालुक्यांतले शाहूवाडी, गगनबावडा, राधानगरी, भुदरगड, आजरा, चंदगड आणि पन्हाळ्याचा पश्चिमेकडचा भाग सह्याद्रीला टेकून आहे. गगनबावड्याची सगळी लोकसंख्या २०११ च्या जनगणनेत ३५ हजारांच्या आसपास भरली. इचलकरंजीतल्या काही पेठांत मिळून तेवढी माणसे निघतील. जून ते सप्टेंबर इथे पाऊस उघडीप देत नाही. वाड्या डोंगराच्या सोंडांवर विखुरलेल्या, धनगरवाडे त्यांच्याही वर. तिथून खाली उतरायचे, वडाप, म्हणजे भाड्याची सामायिक जीप, मिळाले तर ठीक, नाहीतर एसटीची वाट पाहायची. चंदगडच्या माणसाला जिल्ह्याचे ठिकाण शंभर किलोमीटरहून लांब पडते. त्यापेक्षा बेळगाव कितीतरी जवळ, पण ते दुसऱ्या राज्यात.

अशा मुलखात एचआयव्हीची तपासणी आणि तिच्या मागोमाग औषधोपचार घेऊन जाणाऱ्या फिरत्या पथकांच्या कामाची ओळख करून देणे हा या पुस्तकाचा हेतू आहे. आशाताई, समुपदेशक, प्रयोगशाळा तंत्रज्ञ, प्राथमिक आरोग्य केंद्रातले डॉक्टर आणि या कामाकडे बाहेरून पाहणारा जाणता वाचक, सगळ्यांना ते वाचता यावे. या प्रस्तावनेत मला एकच गोष्ट मांडायची आहे. फिरत्या पथकाची पहिली फेरी अवघड नसते. गाडी, कीट, चार माणसे आणि डिझेल मिळाले की ती होते, फोटो निघतात, अहवालात आकडा चढतो. पथकाची खरी परीक्षा दुसऱ्या फेरीत होते. ज्याचे रक्त पहिल्या वेळी घेतले त्याच्यासाठी, त्याच गावात, ठरल्या दिवशी गाडी परत आली की नाही, यावरच पहिल्या फेरीचे मोल ठरते.

हे समजण्यासाठी हा आजार दक्षिण महाराष्ट्रात कोणत्या वाटेने आला, ते आधी पाहू. भारतात एचआयव्हीची पहिली नोंद १९८६ मध्ये चेन्नईत झाली, डॉ. सुनीती सोलोमन आणि त्यांची विद्यार्थिनी सेल्लप्पन निर्मला यांनी देहविक्रय करणाऱ्या स्त्रियांच्या रक्ताचे नमुने तपासले, त्यातून ती पुढे आली. राष्ट्रीय एड्स नियंत्रण कार्यक्रम १९९२ मध्ये सुरू झाला. त्याच वर्षी पुण्यात राष्ट्रीय एड्स संशोधन संस्था, म्हणजे नारी, उभी राहिली आणि सांगलीत मीना सेषू यांच्या पुढाकाराने ‘संग्राम’चे काम सुरू झाले. पुढे १९९६ मध्ये धंद्यातल्या स्त्रियांनीच ‘वेश्या अन्याय मुक्ती परिषद’ स्थापन केली. ‘आम्हाला वाचवू नका, आमच्याशी बोला’ ही या चळवळीची भूमिका होती. आज ‘समुदायाचा सहभाग’ हे शब्द प्रत्येक सरकारी परिपत्रकात असतात. या भागात त्याचा अर्थ या स्त्रियांनी परिपत्रकांच्या आधी करून दाखवला.

कोल्हापूर, सांगली, बेळगाव या पट्ट्यात आजाराला तीन वाटा मिळाल्या. एक महामार्गाची आणि त्याच्यावरच्या ट्रकची. दुसरी मुंबईची. डोंगरी तालुक्यांतले पुरुष पिढ्यान्‌पिढ्या गिरण्यांत, गोदीत, माथाडीत, हॉटेलांत कामाला जात आले; बायको गावाकडे, शेत गावाकडे, माणूस दहा बाय दहाच्या खोलीत. तिसरी वाट जुनी. गडहिंग्लज, निपाणी, सौंदत्ती या सीमाभागातून यल्लम्माच्या नावाने देवदासी म्हणून सोडलेल्या मुली मुंबई-पुण्याच्या वस्त्यांत पोहोचत राहिल्या. शाहू महाराजांनी १९२० मध्येच संस्थानात या प्रथेविरुद्ध कायदा केला होता, सत्तरच्या दशकात गडहिंग्लज-निपाणीकडे देवदासींच्या प्रश्नावर चळवळही उभी राहिली. तरी गरिबी आणि जात यांनी ती वाट पुरती बंद होऊ दिली नाही. या तिन्ही वाटांवर एक गोष्ट सारखी दिसते. माणूस आजारी पडतो दूरच्या शहरात आणि मरायला येतो गावाकडे. म्हणून आजाराचे ओझे शहराइतकेच त्या वाडीवरही पडले, जिथे रक्त तपासायची सोय सर्वांत कमी होती. राष्ट्रीय कार्यक्रमाच्या तिसऱ्या टप्प्यात, २००७ पासून, जिल्ह्यांचे वर्ग पाडले गेले तेव्हा महाराष्ट्रातले बहुतेक जिल्हे ‘अ’ वर्गात, म्हणजे सर्वाधिक लक्ष हवे अशांत, मोडले. कोल्हापूर त्यांत होते.

फिरत्या तपासणी केंद्राची कल्पना राष्ट्रीय मार्गदर्शक सूचनांत याच सुमारास नीट लिहिली गेली. एका गाडीत समुपदेशनाला आडोसा, रक्त घ्यायला आणि तपासायला जागा. सोबत समुपदेशक, तंत्रज्ञ, परिचारिका किंवा आरोग्य शिक्षक आणि चालक. कागदावर हे सोपे दिसते. तंत्रज्ञाला विचारले की बारकावे कळतात. कीट दोन ते आठ अंश तापमानात राहायला हवे, मग एप्रिलच्या उन्हात घाट चढताना बर्फाच्या पेटीकडे कोण लक्ष देणार? सुया आणि रक्ताचे बोळे गावात टाकून यायचे नाहीत, परत आणायचे. बोटाला टोचून थेंबभर रक्तावर करायच्या चाचणीने यातले काही सोपे केले. ती करायला तंत्रज्ञच हवा असे नाही; शिकवलेली परिचारिका किंवा आरोग्यसेविकाही करू शकते. पण या सोयीतून एक नवा पेच निघाला, आणि तो या पुस्तकाच्या प्रत्येक वाचकाने समजून घेतला पाहिजे.

राष्ट्रीय अंदाजानुसार २०२१ मध्ये देशातल्या प्रौढांत एचआयव्हीचे प्रमाण ०.२१ टक्के होते, म्हणजे हजारात दोघे. आता समजा, गाडीतली एकेरी चाचणी इतकी चांगली आहे की आजार नसलेल्या हजारांपैकी ९९५ जणांना ती बरोबर ‘नाही’ म्हणते. तरी पाच जणांना चुकून ‘आहे’ म्हणते. म्हणजे एका डोंगरी गावात हजार जणांना टोचले तर सात जण ‘रिॲक्टिव्ह’ निघतील. त्यांतले खरे दोन, खोटे पाच. चाचणीत दोष नाही. आजार जिथे विरळ तिथे गणितच असे पडते. म्हणूनच नियम सांगतो की एका चाचणीवर कुणालाही पॉझिटिव्ह म्हणायचे नाही. वेगवेगळ्या पद्धतीच्या तीन चाचण्यांनी खात्री करायची. गाडीत एकच कीट असेल तर त्या माणसाला एवढेच सांगायचे, की आणखी तपासणी लागेल. मात्र हे वाक्य ऐकून घरी गेलेल्या माणसाची ती रात्र आणि पुढचे आठ दिवस कसे जातात, याचा विचार पथकाने आधी केलेला असला पाहिजे. खात्रीची तपासणी दुसऱ्या दिवशी होणार, की ‘केव्हातरी कोल्हापूरला सीपीआर रुग्णालयात जाऊन या’ असे सांगून गाडी निघून जाणार? दुसरे घडणार असेल तर पहिली चाचणी न केलेली बरी. हजारात पाच निरपराध माणसांच्या घरात भीती सोडून येण्याचा अधिकार कोणत्याही पथकाला नाही.

उलट बाजूही तितकीच खरी. नुकतीच लागण झालेली असेल तर काही आठवडे चाचणी ‘नाही’ सांगू शकते. त्या काळात निगेटिव्हचा कागद मिळालेला माणूस निर्धास्त होतो. म्हणून समुपदेशनाला पाच मिनिटांची औपचारिकता समजणारे पथक दोन्हीकडून नुकसान करते.

अंतराबद्दल आपण सर्वसाधारणपणे एकाच अंगाने विचार करतो. लांब आहे, म्हणून माणूस तपासणीला येत नाही. मग तपासणीच त्याच्यापर्यंत नेऊ. हे अर्धे खरे आहे. या जिल्ह्यात एचआयव्हीसह जगणाऱ्या माणसांशी बोललेल्या कुणालाही दुसरे अर्धे ठाऊक असते. कितीतरी जण जवळचे केंद्र सोडून मुद्दाम लांबच्या केंद्रात औषधे घेतात. तालुक्याच्या दवाखान्यात केसपेपर काढणारा मावसभाऊ असतो, फार्मसीच्या रांगेत शेजारच्या वाडीची बाई असते. परक्या शहरात कुणी ओळखत नाही. अंतर हा जसा अडथळा, तसाच तो आडोसाही. गाडी तपासणी दारात आणते तेव्हा ती एक अडचण दूर करते आणि एक आडोसा काढून घेते. हे ध्यानात न घेता गाडी पाठवणे म्हणजे चांगल्या हेतूने माणसाला उघड्यावर आणणे.

त्यातून काही साधे धडे निघतात. गाडीवर लाल फितीचे भलेमोठे चित्र आणि ‘एड्स’ हा शब्द रंगवला, की तिच्या पायरीवर पाय ठेवणारा प्रत्येक जण गावाच्या नजरेत भरतो. तीच गाडी रक्तदाब, साखर, हिमोग्लोबिन, क्षयाची लक्षणे आणि त्यांच्याबरोबर एचआयव्ही असे सगळे तपासू लागली, की तिथे आजीही चढते आणि पैलवानही. दुसरा धडा वेळेचा. निगेटिव्ह माणूस पाच मिनिटांत बाहेर येतो आणि ज्याच्याशी बोलणे भाग आहे तो अर्ध्या तासाने. बाहेर बसलेल्यांना घड्याळ लागत नाही. म्हणून प्रत्येकाशी सारखाच वेळ बोलायचे. तिसरा धडा लिहिण्याचा. नोंदवही उघडी पडता कामा नये, आणि गावातलाच पोऱ्या ‘मदतीला’ बसवायचा नाही, मग तो कितीही शिकलेला असो. आशाताईचे स्थान यात सगळ्यांत नाजूक आहे. तिच्याशिवाय वाडीवर कुणी दार उघडत नाही; आणि ती त्याच गावची सून असल्याने तिला काय कळावे, काय नाही, हे त्या माणसाने ठरवायचे असते. एचआयव्ही आणि एड्स प्रतिबंध व नियंत्रण कायदा २०१७ मध्ये झाला आणि १० सप्टेंबर २०१८ पासून लागू झाला. संमतीशिवाय चाचणी नाही, संमतीशिवाय कुणाची स्थिती उघड करायची नाही, नोकरी, शाळा, दवाखाना यांत भेदभाव नाही, हे त्यात स्पष्ट आहे. तो कायदा गाडीच्या दारातही लागू असतो.

गावकऱ्यांच्या मनात सरकारी आरोग्य गाडीचा इतिहास आहे, तोही विसरून चालणार नाही. देवीची लस टोचणारे गावोगाव फिरले, त्यांच्यामुळे देवी गेली. कुष्ठरोगाचे कार्यकर्ते सायकलवरून घरोघर तपासणी करत; आजार आटोक्यात आला, पण ज्या दारात ती सायकल थांबे त्या घरची सोयरीक अडे. पुढे कुष्ठरोगाचे काम सामान्य आरोग्यसेवेत मिसळण्यात आले, त्यामागे हा अनुभवही होता. आणि १९७६ हे साल. सक्तीच्या नसबंदीचे विधेयक महाराष्ट्राच्या विधिमंडळाने मंजूर केले होते. राष्ट्रपतींची संमती न मिळाल्याने ते लागू झाले नाही, पण त्या दिवसांत सरकारी गाडी दिसली की पुरुष रानात पळत, अशा आठवणी जुन्या पिढीकडे अजून आहेत. लोक अडाणी आहेत म्हणून गाडीला घाबरतात, असे म्हणणाऱ्याने हे तीन अनुभव शेजारी ठेवून पाहावेत. विश्वास का बसतो आणि का उडतो, दोन्हींचे हिशेब लोकांकडे आहेत.

आता, गाडी कुणासाठी? गरोदर बाईची तपासणी प्राथमिक आरोग्य केंद्रात रक्तगट, हिमोग्लोबिनच्या बरोबरीने होते, आणि तिची औषधे वेळेवर सुरू झाली तर बाळाला लागण होण्याची शक्यता फारच थोडी उरते. ही व्यवस्था मोलाची आहे. पण तिचा एक परिणाम असा, की घरात सर्वांत आधी तपासली जाते ती सून. नवरा मुंबईत किंवा ‘कामात’. पॉझिटिव्ह निघाली तर ‘हिनेच आणला’ असा निकाल ओट्यावर बसून लागतो. पुरुष तपासणीला येत नाहीत, कारण आरोग्य केंद्राची वेळ त्यांच्या कामाची वेळ असते आणि तो दवाखाना बायका-पोरांचा, असा समज असतो. फिरत्या पथकाचा खरा उपयोग इथे आहे. कोल्हापूरच्या गावात पुरुष आणि बायका दोन्ही रोज हमखास जमतात अशी एक जागा आहे, ती म्हणजे दूध संस्था. सकाळी एकदा, सांजेला एकदा. आठवडी बाजार आहे. गणपतीला आणि गावच्या जत्रेला मुंबईकर चार दिवस येतात. ज्या पथकाचे वेळापत्रक कार्यालयीन वेळेऐवजी या वेळांना बांधलेले असते, त्याला पुरुष भेटतात.

ऊसतोड मजूर हा तर वेगळा अध्याय आहे. बीड, जालना, परभणी, अहिल्यानगर इकडून टोळ्या गळीत हंगामाला येतात, कारखान्याजवळ किंवा फडाच्या कडेला कोप्या घालतात, चार-पाच महिने राहतात आणि निघून जातात. नवरा-बायकोचा मिळून एक कोयता, मुकादमाची उचल डोक्यावर, एक खाडा झाला की दंड. पहाटे अंधारात ते फडावर जातात. गाडी सकाळी अकराला पोहोचली तर तिला फक्त लेकरे आणि म्हातारी माणसे दिसतील. यांच्यातल्या कुणाची औषधे गावाकडच्या केंद्रात चालू असतील तर हंगामभर पुरतील एवढ्या गोळ्या बरोबर हव्यात, किंवा इथल्या केंद्रात घेता येतील असा कागद हवा. तो कागद आणायला मजुराने बीडला परत जावे, असे म्हणणारी व्यवस्था त्याला औषध सोडायलाच सांगते. शिरोळ-हातकणंगल्याच्या कामगार वस्त्या, वीटभट्ट्या, ट्रकतळ यांचीही हीच कथा. पूर्व भाग सपाट आहे, रस्ते चांगले आहेत, तरी तिथला फिरता माणूस डोंगरावरच्या धनगराइतकाच दवाखान्यापासून दूर असतो. आणि रस्ते तरी नेहमी कुठे असतात? ऑगस्ट २०१९ च्या महापुरात महामार्ग शिरोलीजवळ कित्येक दिवस बंद होता, शिरोळ तालुक्यातली गावेच्या गावे पाण्यात होती. रोजची गोळी चुकवून चालत नाही अशा माणसाने तेव्हा काय करायचे, याचे उत्तर पाऊस सुरू होण्याआधी तयार असावे लागते.

इथून आपण तपासणीकडून उपचाराकडे येतो. २००१ च्या फेब्रुवारीत मुंबईच्या सिप्ला कंपनीचे डॉ. युसुफ हमीद यांनी तीन औषधांचा वर्षभराचा उपचार ३५० डॉलरला देऊ केला. त्याआधी श्रीमंत देशांत त्याच उपचाराला दहा हजार डॉलरहून अधिक पडत. आफ्रिकेत लाखो लोक जगले त्यामागे ही किंमत होती. भारतात सरकारी रुग्णालयांतून हा उपचार, म्हणजे एआरटी, मोफत मिळायला १ एप्रिल २००४ ला सुरुवात झाली, सुरुवातीला जास्त प्रमाण असलेल्या मोजक्या राज्यांत; महाराष्ट्र त्यांत होता. तेव्हा रोगप्रतिकारशक्ती दाखवणाऱ्या सीडीफोर पेशींची संख्या २०० च्या खाली गेल्यावरच गोळ्या मिळत. पुढे ही मर्यादा ३५०, मग ५०० झाली आणि २०१७ पासून ‘तपासा आणि लगेच उपचार सुरू करा’ हे धोरण आले. या बदलामागच्या संशोधनात महाराष्ट्राचाही वाटा आहे. एकाला लागण असलेल्या आणि दुसऱ्याला नसलेल्या १,७६३ जोडप्यांवर नऊ देशांत झालेल्या अभ्यासात पुण्याचे केंद्र होते. २०११ मध्ये त्याचे निष्कर्ष आले: उपचार लवकर सुरू केले तर जोडीदाराला होणारी लागण ९६ टक्क्यांनी घटते. गोळी घेणाऱ्याच्या रक्तात विषाणू मोजण्यापलीकडे गेला, की त्याच्याकडून शरीरसंबंधातून लागण होत नाही, हे त्यानंतर आणखी पक्के झाले. आज बहुतेकांना दिवसाला एकच गोळी पुरते. जुन्या काळच्या गोळ्यांनी गाल बसत, पायांना मुंग्या येत, आणि चेहऱ्यावरून गाव ओळखत असे. ते दिवस मागे पडले.

औषध इतके सोपे झाल्यावर फिरते पथक ते वाडीवर का देऊ शकत नाही? मोठ्या प्रमाणात देऊ शकते. सुरुवातीची तपासणी, क्षय आहे का ते पाहणे, रक्ताचे नमुने आणि पहिली गोळी हे डॉक्टरच्या देखरेखीत व्हायला हवे. त्यानंतर प्रकृती स्थिर असलेल्याला दरमहा जिल्ह्याच्या ठिकाणी खेटे घालायला लावण्यात वैद्यकीय अर्थ नाही. महिन्याच्या गोळ्यांसाठी एक दिवसाची मजुरी, जाण्यायेण्याचे भाडे आणि ‘कुठं निघालास?’ या प्रश्नाला दरवेळी नवे कारण एवढे पुरते. मग माणूस एक महिना चुकवतो, पुढचाही चुकवतो. नोंदवहीत त्याला ‘लॉस्ट टू फॉलोअप’ म्हणतात. खरे तर तो हरवलेला नसतो, घरीच असतो. व्यवस्था त्याच्यापर्यंत पोहोचलेली नसते. तालुक्याच्या रुग्णालयांतली लिंक एआरटी केंद्रे याच विचारातून निघाली. मार्च २०२० मध्ये टाळेबंदी लागली तेव्हा एकदम दोन-तीन महिन्यांच्या गोळ्या देण्याची आणि घरपोच पोहोचवण्याची मुभा देशभर मिळाली. जे एरवी अशक्य मानले जात होते ते करता आले. साथ ओसरल्यावर अशी सवलत विसरली जाऊ नये, हे आता पाहायचे.

अर्थात गाडी औषध नेऊ शकते ते गोदामात असेल तर. २०२२ मध्ये एचआयव्हीसह जगणाऱ्या माणसांनी औषधटंचाईविरुद्ध दिल्लीत राष्ट्रीय एड्स नियंत्रण संघटनेच्या, म्हणजे नॅकोच्या, कार्यालयाबाहेर धरणे धरले होते. एकदा सुरू केलेली गोळी पुरवठ्याअभावी थांबली तर विषाणू औषधाला दाद देईनासा होऊ शकतो. वाडीवरच्या माणसाला औषधाची गोडी लावून मग रिकाम्या हाताने जाणे हे न जाण्यापेक्षा वाईट.

जगातल्या अनुभवाकडे पाहताना दोनच गोष्टी नोंदवतो. टांझानिया, झिम्बाब्वे आणि थायलंडमध्ये गावागावांत फिरती तपासणी नेऊन तिची नेहमीच्या दवाखान्यांशी तुलना करण्यात आली. झिम्बाब्वेत फिरती सेवा पोहोचली तिथे निम्म्या लोकांनी तपासणी करून घेतली, जिथे नव्हती तिथे पाच टक्क्यांनी. म्हणजे जवळ नेले की लोक येतात, यात शंका नाही. दुसरा अनुभव युगांडा आणि केनियाच्या ग्रामीण भागातला. तिथे एचआयव्हीबरोबर रक्तदाब, मधुमेह, क्षय अशी एकत्र शिबिरे भरवली, आणि सापडलेल्याला उपचाराशी जोडण्यावर मेहनत घेतली. क्षय आणि मृत्यू कमी झाले, रक्तदाबही अधिक जणांचा आटोक्यात राहिला. तिथल्या एचआयव्हीच्या प्रमाणाशी आपली तुलना होत नाही, पण एकत्र सेवेचा धडा सह्याद्रीत जास्तच लागू पडतो.

कारण आपल्याकडे आता एक रास्त आक्षेप घेतला जातो. प्रमाण हजारात दोन असताना गाडी फिरवून एक पॉझिटिव्ह शोधायला किती खर्च येतो? तो पैसा जास्त जोखमीच्या गटांवर का नको? आक्षेप उडवून लावण्याजोगा नाही. गावातल्या सगळ्यांना सरसकट टोचत सुटणे चुकीचेच आहे; त्यातून खोट्या ‘रिॲक्टिव्ह’चा त्रासही वाढतो. पण हजारात दोन ही सरासरी आहे. २०२१ च्याच अंदाजानुसार देशात सुमारे २४ लाख लोक एचआयव्हीसह जगत होते आणि त्यांतले जवळपास ३.९४ लाख महाराष्ट्रात, म्हणजे कोणत्याही राज्यापेक्षा अधिक. ही माणसे सरासरीने पसरलेली नसतात. काही वाटांवर, काही कामांत, काही घरांत ती एकवटलेली असतात. पथकाने त्या जागा ओळखून जावे, आणि गाडी जिथे जाईल तिथे तिचा उपयोग सगळ्या आजारांना व्हावा. धनगरवाड्यावर जाणारी गाडी फक्त एचआयव्हीसाठी गेली तर महाग. रक्तदाबाची गोळी, गरोदर बाईची तपासणी, क्षयाचा बेडका आणि एचआयव्ही अशी चार कामे करून आली तर तिचा खर्च चौघांत वाटला जातो.

पुस्तक वाचताना वाचकाने एक सवय लावून घ्यावी, अशी माझी विनंती आहे. कोणत्याही फिरत्या पथकाच्या अहवालात किती गावे झाली आणि किती चाचण्या झाल्या हे पहिल्या पानावर असते. ते वाचून पुढे जावे आणि हे शोधावे: रिॲक्टिव्ह निघालेल्यांपैकी किती जणांची खात्रीची तपासणी झाली, किती दिवसांत? पॉझिटिव्ह ठरलेल्यांपैकी किती जणांनी पहिली गोळी घेतली? वर्षभराने त्यांच्यातले किती औषधावर आहेत, आणि कितींचा व्हायरल लोड, म्हणजे रक्तातल्या विषाणूचे प्रमाण, मोजण्यापलीकडे गेला? हे आकडे अहवालात नसतील तर ते पथक अजून पहिल्या फेरीतच आहे असे समजावे. जागतिक पातळीवरचे ९५-९५-९५ हे उद्दिष्ट याच तीन प्रश्नांचे आहे: शंभरांतल्या ९५ जणांना आपली स्थिती ठाऊक, त्यांतले ९५ टक्के औषधावर, त्यांतल्या ९५ टक्क्यांचा विषाणू दबलेला. गाडी पहिला आकडा वाढवते. दुसरा आणि तिसरा वाढतो समुपदेशकाच्या, आशाताईच्या आणि औषध पोहोचवणाऱ्याच्या कामाने.

आणि ही माणसे टिकतील तरच काम टिकेल. समुपदेशक आणि तंत्रज्ञ बहुतेक कंत्राटी, मानधन तुटपुंजे, दर वर्षी नेमणूक राहते की जाते याची टांगणी. एखाद्या वाडीने तीन वर्षांत ओळख झाल्यावर ज्या ताईला खरे सांगायला सुरुवात केली, तिचे कंत्राट संपले की तो विश्वास नव्या माणसाच्या नावावर आपोआप चढत नाही. पुन्हा पहिल्यापासून सुरुवात. नवी गाडी घेण्याचा प्रस्ताव लवकर मंजूर होतो, कारण गाडीचे उद्घाटन करता येते. त्याच पथकाला पाच वर्षे त्याच तालुक्यात ठेवण्याचा प्रस्ताव मंजूर होणे कठीण, कारण त्याला फीत कापता येत नाही. जिल्हा परिषदेत, जिल्हा नियोजन समितीत आणि राज्याच्या अंदाजपत्रकात जे लोक बसतात त्यांनी हे पुस्तक वाचून एवढे एक केले तरी पुष्कळ झाले: गाडीसाठी पैसे मंजूर करताना त्याच कागदावर तिच्यातल्या माणसांचे पाच वर्षांचे वेतन आणि चालू औषधांचा साठा यांचीही तरतूद मागावी. ती तरतूद नसेल तर गाडीच्या प्रस्तावावर सही करू नये.